कडाक्याच्या थंडीतला रामेन: जपानच्या शहरांत कोणता, कुठे आणि कसा?

ओंजळभर

थंडीत जपानला येणारी मंडळी रामेनबद्दल, म्हणजे गरम सुपातल्या नूडल्सबद्दल, विचारतात, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा टोकियोतल्या गाजलेल्या दुकानांची यादी मिळते. यादी चांगलीच असते, पण पारा शून्याखाली गेलेला असताना काय मागवावं, हे त्यातून कळत नाही. मी कामानिमित्त बरीच वर्षं इथे आहे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे जाणं होतं. माझं ठाम मत झालंय की जिथे थंडी खरोखर हाडांत शिरते, त्या गावांनी आपला रामेन थंडीशी झुंजण्यासाठीच घडवला आहे. आणि तो तिथेच, दुकानात बसून, वाडगा समोर आल्याबरोबर खायचा असतो.

सुरुवात उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच्या साप्पोरोपासून. जानेवारीत तिथलं सरासरी तापमान उणे तीन अंशांच्या आसपास असतं आणि एका हिवाळ्यात जवळपास पाच मीटर बर्फ पडतो. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेला रामेन तिथला. १९५०च्या दशकाच्या मध्यावर ‘आजि नो सान्पेई’ या दुकानात ओमिया मोरितो यांनी तो आणला. पुढे तो साऱ्या जपानात पसरला, पण मूळ गावात खाण्याची मजा वेगळीच, कारण बाहेरच्या हवेसकट तो पदार्थ पूर्ण होतो.

दुकानात शक्यतो काउंटरवर, स्वयंपाक्याच्या समोर बसा. खोल चिनी कढई भडक आचेवर ठेवलेली असते. आधी डुकराची चरबी, मग लसूण, खिमा, कांदा आणि मोड आलेल्या कडधान्यांचे लांब पांढरे कोंब. हे सगळं मोठ्या आवाजात परतलं जातं. मग मिसो, आणि त्यावर हाडांचं सूप. कढईत खळखळून उकळी फुटली की तेच उकळतं सूप वाडग्यात नूडल्सवर येतं. सूप वेगळ्या पातेल्यात कोमट होत पडलेलं नसतं, थेट आचेवरून वाडग्यात. बहुतेक ठिकाणी वर किसलेल्या आल्याची छोटी गोळी ठेवतात.

वाडगा समोर येतो तेव्हा काही दुकानांत (‘सुमिरे’ हे त्यातलं प्रसिद्ध नाव) त्यातून जवळजवळ वाफच निघत नाही. नवख्या माणसाला वाटतं, गार झालंय. प्रत्यक्षात वर वितळलेल्या चरबीचा अखंड थर असतो. आपल्या मिसळीवरच्या तर्रीसारखा दिसतो, पण काम निराळं: हा थर झाकणाचं काम करतो. उघड्या वाडग्यातली उष्णता मुख्यतः वाफेवाटे जाते. थराने वाफ अडवली की सूप शेवटच्या घोटापर्यंत गरम राहतं. म्हणून पहिला चमचा घाईने तोंडात घालू नका. जीभ अशी भाजते की पुढची चवच कळत नाही.

नूडल्सही तशाच विचाराने केलेल्या. साप्पोरोच्या नूडल्स पिवळ्या, मध्यम जाड आणि कुरळ्या असतात. पिठात कान्सुई म्हणजे अल्कधर्मी क्षारांचं पाणी असतं. त्याने पिवळा रंग येतो आणि चिवटपणाही. इतक्या गरम सुपात त्या लवकर लेच्यापेच्या होत नाहीत.

तिथून आगगाडीने साधारण दीड तासावर आसाहिकावा. २५ जानेवारी १९०२ रोजी तिथे उणे ४१ अंशांची नोंद झाली, जपानच्या हवामान खात्याच्या नोंदींतलं ते आजवरचं सर्वांत कमी तापमान. गाव डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात आहे, गार हवा तळाशी साचून राहते. तिथला रामेन सोया सॉसचा. सूप दोन प्रकारच्या सुपांचं मिश्रण, एक डुकराच्या हाडांचं आणि दुसरं मासळीचं. वर पुन्हा चरबीचा थर. नूडल्समध्ये पाणी कमी घालतात, म्हणून त्या सूप शोषून घेतात आणि प्रत्येक घासात गरम सूप येतं. ‘हाचिया’ आणि ‘आओबा’ ही तिथली दोन जुनी दुकानं, दोन्ही १९४७ची.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः टोकियो, फुकुओका, निईगाता इकडचे.

मीठ_मिरी

छान धागा. चरबीच्या थराचं कारण माहीत नव्हतं, मी आजवर तो चमच्याने बाजूला सारत आले.

पण एका बाबतीत मतभेद आहे. थंडीत जड रामेनच हवा असं वाटत नाही. होक्काइदोच्याच दक्षिण टोकाला हाकोदाते आहे, तिथेही बर्फ भरपूर, आणि तिथला रामेन मात्र मिठाचा: पारदर्शक, फिकट सोनेरी सूप, सरळ नूडल्स. वाडग्याचा तळ दिसतो. दिवसभर त्या चढाच्या रस्त्यांवर बर्फातून चालायचं असेल तर दुपारी मिसो आणि चरबी पोटात घेऊन माझ्याच्याने पुढे चालवत नाही. मिठाच्या रामेनने अंग गरम होतं आणि पाय हलके राहतात. शिवाय स्वच्छ सुपात काही लपत नाही. हाडं फार उकळली, कोम्बू (सुपात घालतात ती समुद्री वनस्पती) जास्त वेळ राहिला, तर पहिल्याच घोटाला कळतं.

ओंजळभर

@मीठ_मिरी, हाकोदातेचा मुद्दा मान्य. एकच भर घालते: तो वाडगा लवकर निवतो. बंदराचं गाव असल्यामुळे तिथली थंडी आसाहिकावाइतकी टोकाची नसते, म्हणून त्यांना झाकणाची गरज कमी पडली असावी, असा माझा तर्क. दुपारी हाकोदाते पद्धतीचा आणि रात्री, हॉटेलवर जाऊन झोपायचंच असेल तेव्हा, मिसो. असं केलं तर दोघींचं जमेल.

रात्रपाळी

निईगाताचं मी सांगतो. जपानी समुद्राच्या बाजूचा हा प्रांत, बर्फ ओला आणि जड, महिनोन्‌महिने आभाळ करडं. रामेनच्या बाबतीत मात्र श्रीमंत. दोन प्रकार सांगण्यासारखे आहेत.

पहिला त्सुबामेचा. हे गाव धातूकामाचं, चमचे-काटे आणि भांडी तयार करणाऱ्या कारखान्यांचं. कामगार उशिरापर्यंत जादा काम करत आणि रामेन कारखान्यात पोचवावा लागे. वाटेत सूप गार होऊ नये म्हणून वर डुकराच्या पाठीच्या चरबीचे पांढरे कण भरपूर पेरले जाऊ लागले, आणि नूडल्स भिजून फुगू नयेत म्हणून चांगल्या जाड, जवळजवळ उदोन या गव्हाच्या जाडजूड नूडल्ससारख्या घेतल्या. सूप सुक्या छोट्या मासळीचं, चांगलंच खारट, कारण खाणारा घाम गाळून आलेला. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. तो कांदा गरम चरबीत अर्धवट शिजतो आणि गोड लागतो. वाडग्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे, म्हणून मला हा रामेन फार आवडतो.

दुसरा नागाओकाचा, आल्याचा सोया रामेन. सूप शिजतानाच त्यात आलं पडतं. वर गोळी ठेवलेल्या आल्यापेक्षा हे वेगळं लागतं, पहिल्या घोटाला नाकात आणि मग छातीत उतरतं. डुकराच्या हाडांचा उग्रपणा मारायला आलं घातलं जातं, आणि अशा हवेत ते अंगाला मानवतंही. टोकियोत खायचा असेल तर ‘आओशिमा शोकुदो’ या नागाओकाच्या दुकानाची शाखा आकिहाबाराला आहे. दुकान लहान, रांग बाहेर रस्त्यावर. कानटोपी घालून जा.

हिरवी_मिरची

आम्ही नवरा-बायको आणि सासूबाई फेब्रुवारीत येतोय. तिघंही शाकाहारी, अंडंही नाही. वरचं सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण आमच्यासाठी यात काही आहे का? ‘भाज्यांचा रामेन’ असं मेनूत असतं म्हणे, तो चालेल का?

पहिलीवाफ

@हिरवी_मिरची ताई, तो अजिबात घेऊ नका. ‘यासाइ रामेन’ म्हणजे वर भाज्यांचा ढीग, खाली सूप मात्र डुकराचं किंवा कोंबडीचंच. इथे ‘मांस नको’ म्हटलं की वरचे मांसाचे तुकडे काढून देतात, सूप तेच राहतं. त्यात त्यांची लबाडी नाही, सुपालाही कोणी मांस समजेल हे त्यांच्या मनातच येत नाही. म्हणून नेमकं सांगावं लागतं: “निकु, साकाना, दाशि मो ताबेरारेमासेन.” मांस, मासे आणि त्यांचं सूपही चालत नाही, असा अर्थ. त्याहून सोपं म्हणजे ‘विगन’ असं स्पष्ट लिहिलेल्या दुकानातच जाणं.

टोकियो स्टेशनातच ‘टीज तानतान’ आहे, संपूर्ण विगन. तिळाची पेस्ट, तिखट तेल, मांसाऐवजी सोयाचा खिमा. तिळामुळे सूप दाट असतं, म्हणून उष्णताही बरी टिकते. एक लक्षात ठेवा, ते तिकिटाच्या फाटकाच्या आत आहे, तेव्हा गाडीत बसायच्या आधी किंवा उतरल्यावर बाहेर पडायच्या आधी जा. ‘आफुरी’मध्येही विगन रामेन मिळतो आणि हाराजुकूच्या ‘क्युशू जांगारा’तही.

“हाडांशिवाय सुपाला चव कशी?” असं सासूबाई विचारतील. कोम्बू या समुद्री वनस्पतीत ग्लुटामेट भरपूर असतं. इकेदा किकुनाए यांनी १९०८मध्ये ते वेगळं काढून दाखवलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. सुक्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट असतं. दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. चांगला विगन रामेन यावरच उभा असतो, त्याला नकली समजू नका.

कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र अवघड आहे. तिथे खोटी आशा दाखवत नाही.

हिरवी_मिरची

कांदा-लसूण चालतो. फारच उपयोगी माहिती, मनापासून आभार. ते जपानी वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि जपानी लिपीतही लिहून घेणार आहे.

चाकोरीबाहेर

थंडी आणि रामेन म्हटल्यावर इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती दुकानातल्या रामेनची नाही, पण संबंध आहे. १९७२च्या फेब्रुवारीत नागानो प्रांतातल्या कारुइझावाजवळ आसामा सान्सो या डोंगरावरच्या बंगल्यात सशस्त्र गटाने एका बाईला ओलीस ठेवलं होतं. पोलिसांचा वेढा दहा दिवस चालला. तापमान उणे पंधरा अंशांच्या आसपास, पोलिसांचे जेवणाचे डबे गोठून दगड व्हायचे. तेव्हा त्यांना कप नूडल दिल्या गेल्या. नुसतं उकळतं पाणी ओतायचं. बर्फात उभे राहून वाफाळते कप खाणारे पोलीस टीव्हीवर साऱ्या देशाने पाहिले. कप नूडल बाजारात आली होती सप्टेंबर १९७१मध्ये, आणि तोवर तिची विक्री बेताचीच होती. त्यानंतर मात्र ती घराघरांत पोचली.

आणि त्याच्याही कितीतरी आधी, रात्री हातगाडीवर रामेन विकणारे चारुमेरा नावाची पिपाणी वाजवत गल्लीतून फिरत. थंडीच्या रात्री खिडक्या बंद असताना तो सूर ऐकू आला की लोक भांडं घेऊन बाहेर यायचे. टोकियोतलं रामेनचं पहिलं लोकप्रिय दुकान म्हणून आसाकुसाच्या ‘राइराइकेन’चं नाव घेतात. ते १९१०चं, आणि तिथे योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले आचारी होते. मूळ पदार्थ चिनी, बाकी सगळं जपानच्या हवेने आणि पाण्याने घडवलेलं.

फुकुओकात आजही गाड्या आहेत, यातायी म्हणतात. नाकासूच्या नदीकाठी, तेनजिनला. हिवाळ्यात चारी बाजूंनी प्लास्टिकचे पडदे सोडतात आणि आत सात-आठ माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. सुपाच्या पातेल्याचीच ऊब. बाजूचा अनोळखी माणूस बोलायला लागतो, जे जपानमध्ये एरवी सहसा होत नाही.

पहिलीवाफ

फुकुओकाच्या हाकाता रामेनबद्दल एक भर. तिथलं सूप डुकराची हाडं जोरदार आचेवर तासन्‌तास उकळून केलेलं, पांढरं, दुधट. चरबी आणि हाडांतलं जिलेटिन पाण्यात मिसळून एकजीव होतं, म्हणून वर वेगळा थर दिसत नाही. नूडल्स अगदी बारीक आणि सरळ. बारीक म्हणून लवकर शिजतात आणि तितक्याच लवकर सुपात फुगतात. यासाठीच एका वाडग्यात नूडल्स कमी देतात आणि मग ‘काएदामा’ म्हणजे नूडल्सचा दुसरा हप्ता मागवायचा असतो. मागवताना कडकपणा सांगायचा: ‘काता’ म्हणजे कडक, ‘बारिकाता’ त्याहून कडक. थंडीत यात एक खुबी आहे. पहिल्या नूडल्सचे दोन-तीन घास उरले असतानाच आवाज द्या. वाडगा रिकामा करून थांबलात तर तेवढ्यात सूप निवतं, आणि निवलेल्या त्या सुपाला वास येतो.

उत्तरायण

मी टोकियोत शिकतो. इथली थंडी होक्काइदोच्या मानाने काहीच नाही, जानेवारीचं सरासरी तापमान पाच अंशांच्या वर असतं. पण वारा कोरडा आणि झोंबणारा. प्रश्न असा की मला त्सुकेमेन फार आवडतो, आणि त्यात नूडल्स गार पाण्यात धुतलेल्या असतात. गरम सुपात बुडवून खायच्या, पण चार घासांत ते सूपही गार. थंडीत हा प्रकार सोडूनच द्यायचा का?

रात्रपाळी

@उत्तरायण, सोडू नकोस. ऑर्डर देताना ‘आत्सुमोरि’ म्हण. नूडल्स धुतल्यावर पुन्हा गरम पाण्यातून काढून देतात. गार नूडल्सचा तो दाताला जाणवणारा ताठरपणा थोडा कमी होतो हे खरं, पण सूप गरम राहतं. काही दुकानं सूप मध्येच पुन्हा तापवून देतात, काउंटरवर तशी पाटी असते, नाहीतर नम्रपणे विचार. आणि शेवटी ‘सूप-वारि’ विसरू नकोस. उरलेल्या घट्ट खारट सुपात ते गरम पातळ सूप ओतून देतात आणि ते प्यायचं. मला त्सुकेमेनमधला सर्वांत सुखाचा भाग तोच वाटतो.

हा प्रकार रूढ केला यामागिशी काझुओ यांनी. त्यांनी १९६१मध्ये हिगाशी-इकेबुकुरोला ‘ताइशोकेन’ सुरू केलं. पुष्कळ शिष्य तयार केले आणि त्यांना आपल्या पद्धती मोकळेपणाने शिकवल्या. आज टोकियोत जी त्सुकेमेनची दुकानं दिसतात त्यांतल्या कित्येकांचा वंश तिथपर्यंत जातो.

मीठ_मिरी

नव्याने येणाऱ्यांसाठी दुकानातल्या रीतींबद्दल लिहिते, कारण बाहेर बर्फ आणि मागे रांग असली की माणूस गोंधळतो.

दारातच तिकिटाचं यंत्र असतं. पैसे आधी, मग बटण, मग तिकीट काउंटरवर ठेवायचं. काही जुन्या यंत्रांना फक्त रोकड चालते आणि मोठ्या नोटा ती घेत नाहीत, म्हणून हजार येनच्या नोटा जवळ ठेवा. एका वाडग्याला हजार येनपेक्षा जास्त घेऊ नये अशी दुकानदारांत वर्षानुवर्षं एक मानसिक मर्यादा होती, त्याला इथे ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. अलीकडे सगळंच महागल्यामुळे बरीच दुकानं ती ओलांडू लागली आहेत, आणि मला त्यात गैर वाटत नाही. रात्रभर सूप राखणाऱ्या माणसाच्या मेहनतीचं मोल झालं पाहिजे.

कोट काढून मागच्या खुंटीवर अडकवा किंवा खालच्या टोपलीत ठेवा. जाड कोट घालून काउंटरवर बसलात तर शेजाऱ्याच्या वाडग्याला बाही लागते. चष्मेवाल्यांनी चष्मा काढूनच बसावं. नाक वाहणारच, काउंटरवर कागदी रुमाल असतात. हलकेच पुसा, पण जोराने शिंकरू नका, इथे ते वाईट दिसतं.

आणि सुर्र आवाज करत ओढा! आपल्याला लहानपणापासून उलट शिकवलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला जीभ रेटत नाही. पण नूडलबरोबर हवा आत गेली की घास तोंडात जाताना सोसेल इतका निवतो आणि वास मागून नाकात चढतो. उकळत्या सुपातल्या नूडल्स न भाजता खायची हीच रीत आहे. फुंकर मारत बसलं तर तेवढ्यात नूडल्स फुगतात.

खाऊन झालं की उठायचं. गप्पा बाहेर. बाहेर लोक थंडीत उभे असतात, त्यांचा विचार प्रत्येक जण करतो.

कडवंची

सगळं वाचताना मजा येते आहे, पण मिठाचं कोणीच बोलत नाही. माझे वडील रक्तदाबाचे रुग्ण आहेत आणि त्यांना घेऊन मी जाणार आहे. रामेनचं सगळं सूप प्यायलं तर एका वाडग्यातून पाच-सहा ग्रॅम, कधी त्याहून जास्त मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी म्हणते. जपानचं स्वतःचं लक्ष्य पुरुषांना साडेसात आणि बायकांना साडेसहा ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे तेही एका वाडग्यातच जवळपास संपतं. थंडीत तशीही रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. रंगाचा बेरंग करायचा नाही, पण हेही लिहायला हवं.

ओंजळभर

@कडवंची, बरं झालं लिहिलंत. यातलं निम्म्याहून अधिक मीठ सुपात असतं, म्हणून नूडल्स आणि वरचे जिन्नस खाऊन सूप ठेवून द्यावं. इथे सूप उरवणं हा अपमान समजत नाहीत, पुष्कळ जपानी लोकही उरवतात. योकोहामाच्या ‘इएकेइ’ पद्धतीच्या दुकानांत तर ऑर्डर देतानाच चवीची तीव्रता, तेलाचं प्रमाण आणि नूडल्सचा कडकपणा विचारतात. तिथे ‘आजि उसुमे’ म्हणजे चव फिकी, आणि ‘आबुरा सुकुनामे’ म्हणजे तेल कमी, असं सांगता येतं. वर पालक आणि नोरी (समुद्री शेवाळाचे सुके पापुद्रे) असतात, तेही वडिलांना आवडेल. त्सुबामेचा रामेन मात्र त्यांच्यासाठी नको.

तुम्ही म्हणता तसं थंडीत जपायलाच हवं. ऊबदार दुकानातून एकदम उणे दहात बाहेर पडताना वडिलांना दारातच दोन मिनिटं थांबवा, कोट, मफलर, टोपी सगळं नीट घालून मगच बाहेर. साप्पोरोत स्टेशनपासून ओदोरीपर्यंत जमिनीखालून रुंद, उबदार रस्ता आहे आणि तिथून भुयारी वाटेने सुसुकिनोपर्यंतही जाता येतं. वयस्कर माणसांना घसरड्या फुटपाथवरून नेण्यापेक्षा ते फार सोयीचं. सुसुकिनोतच रामेन योकोचो आहे, अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना लहान लहान दुकानं. भुयारातून वर आलात की थोडंच चालावं लागतं.

उत्तरायण

रात्रपाळी दादा, काल आत्सुमोरि मागितला. काउंटरमागच्या आजोबांनी मान डोलावून “थंडी आहे ना” एवढंच म्हटलं आणि सूपही न मागता तापवून दिलं. खूप आभार.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगतो. परवा आळसाने खोलीवर रामेन मागवला होता. दुकानाने सूप आणि नूडल्स वेगळे बांधले होते, काळजी घेतली होती, तरी वाटेत नूडल्सचा गोळा झाला आणि चरबी कडेला थिजली. ओंजळभर ताईंनी पहिल्याच प्रतिसादात दुकानात बसून खायचं का लिहिलंय ते पुरेपूर पटलं.

हिरवी_मिरची

आमचा बेत ठरला. टोकियो, मग विमानाने साप्पोरो, बर्फाचा उत्सव बघायला. साप्पोरोत शाकाहारी रामेन शोधते आहे, कोणी ताजं सांगू शकेल का? आणि फेब्रुवारीत विमानं बर्फामुळे रखडतात असं ऐकलं. सासूबाई बरोबर आहेत म्हणून विचारते.

ओंजळभर

रखडतात, हो. परतीच्या दिवशी हाताशी वेळ ठेवूनच निघा आणि त्याच संध्याकाळी भारताचं विमान पकडायचा बेत आखू नका. शिन-चितोसे विमानतळावर ‘रामेन दोजो’ म्हणून वेगळा भाग आहे, होक्काइदोच्या वेगवेगळ्या गावांची दुकानं तिथे एकत्र आहेत. इतर वाचकांना, ज्यांचं आसाहिकावाला किंवा हाकोदातेला जाणं होणार नाही, त्यांना तिथे निदान चव घेता येईल.

तुमच्यासाठी साप्पोरोतलं शाकाहारी दुकान मी पक्कं विचारून कळवते. माझी एक शाकाहारी मैत्रीण तिथे राहते. दुकानं बदलतात, बंद होतात, तेव्हा जुन्या माहितीवर तुम्हाला सासूबाईंसह बर्फात पाठवणार नाही. तोवर टोकियोतला तिळाचा रामेन नक्की धरून चला. आणि सासूबाईंना सांगा, वाडग्यातून वाफ दिसत नसली तरी आधी ओठांना लावून बघा.